मयतीच्या बस्त्याचा विसावा

मढ्याले न भेणारा चपराशी आमच्या साऱ्या दवाखान्यात मी एकटाच होतो. फक्त समोर मढं नसलं पाहिजे, एवढीच काय ते माही अट.

दवाखाना जनपदाचा, म्हणजे तवाच्या तालुका सभेचा. आर्णीच्या अलीकडं, सडकेपासून आत. जनपद मोडलं अन् जिल्हा परिषद आली, तवा आमचा बोर्ड चुन्यानं पुसला. बडे बाबू म्हणाले, आता जुनं सारं दप्तर दारव्ह्याले नवीन हापिसात जमा कराचं हाये. माणसायच्या बदल्या झाल्या, तशी कागदायची बी झाली. कागदायसंग जाणारा मी. मले लिहिता-वाचता येत नाई म्हणून बाबूचा माह्यावर लय भरोसा. चार लोकायत म्हणाले, हा काई वाचणार नाई, म्हणून काई चोरणार बी नाई. मी हे सर्टिफिकेट समजून घरी सांगतलं. बायको नुसती माह्याकडं पाहत राह्यली.

दप्तर होतं साथीच्या छपरात, दवाखान्याच्या मागं नाल्यापाशी. पटकीची मोठी साथ आली, तवा गावोगावचे लोक आणून तिथं ठेवत. जे गेले त्यायले नाल्याच्या काठालेच जाळत, घरच्यायले जवळ येऊ देत नसत. हे मी ऐकून होतो. मी नोकरीले लागलो तवा तिथं खाटा नोत्या, कागदच होते. पण फिनेलचा वास काई गेला नोता. दारात उभं राह्यलं का आतून कोणी कूस बदलल्यावाणी आवाज ये. वाळवी असन. मी आत जाताना वाळवीले बी आवाज देत होतो, "मीच हाव गा, चपराशी." एकदा बाबूइनं विचारलं, कोणासंग बोलून राह्यला? मी आतल्या अंधाराकडं बोट दाखवलं. तवापासून बाबू छपराच्या बाहेरच उभे राहात.

वाटणी बी तशीच झाली. मी एकेक रजिस्टर दारात आणून दाखवो, बाबू नाकाले रुमाल लावून सांगत, हे जन्म, हे देवीचे टोचे, हे मयत. जन्माले लाल फडकं, टोच्यायले पिवळं, मयतीले पांढरं. जन्म अन् टोचे लवकर सरले. मयत काई सरे ना. मी आणून राह्यलो अन् बाबू म्हणून राह्यले, मयत, मयत, मयत. मंग त्यायनं म्हणणंच सोडलं, नुसतं पांढऱ्या ढिगाकडं बोट करत.

मयतीचे पुठ्ठे वाळवीनं खाल्लेले. हात लावला का भुगा. तवा मी डोकं चालवलं. माहं डोकं चाललं का घरात बायको धास्तावते, पण ते तिथं नोती. दोन लांब वेळू घेतले, आडव्या काड्या बांधल्या. त्यावर मयतीचे सारे रजिस्टर एकापुढं एक निजवले, वरून दवाखान्याचं पांढरं कापड गुंडाळलं अन् जागोजागी सुतळीनं आवळून एक बस्ता केला. चार माणसायनं उचलाचं, पण एक पान सांडाचं नाई. स्वतावर लय खुश झालो. बाबूइनं ते पाह्यलं, तोंड उघडलं, मंग मिटलं. लाखेचं सील मारलं अन् एवढंच सांगतलं का रस्त्यात कुठंच उतरवाचं नाई, सील तुटलं तं नोकरी गेली समज.

गाडीवान भाड्याचा होता, तिकडच्याच गावचा. त्यानं गाडीतला बस्ता पाह्यला अन् डोक्याचं फडकं सोडून बाजूले ठेवलं. म्हटलं, ऊन लागन ना. बैलायच्या घुंगराची माळ बी त्यानं काढून घेतली.

घुंगरू नसलं का गाडी कशी चालते, हे मले त्या दिवशी समजलं. नुसती चाकाची करकर. दोन्हीकडं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. वारा सुटला का पांढरं कापड मधातच फुगे, मंग बसे. पुन्हा फुगे. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. मंग वाटलं, पाठ करणं बरं नाई. तोंड करून बसलो तं ते बी बरं वाटे ना. शेवटी आडवा बसलो, एका डोळ्यानं पाहत.

एका विहिरीपाशी सायकलवाला भेटला. त्यानं विचारलं, काय नेऊन राह्यले?

माह्या जिभेले हाड नाई. मी म्हटलं, "साथीच्या छपरातली मयत हाये. दारव्ह्याले बदली झाली तिची."

मीच हसलो. तो नाई हसला. सायकलवरून उतरला, हात जोडले, अन् आला तिकडंच माघारी गेला. मले वाटलं, घरी काई विसरला असन.

पुढचं गाव दिसाले लागलं तवा काहीतरी चुकून राह्यलं असं वाटलं, पण काय ते सांगता ये ना. कुत्रं भुकलं नाई. विहिरीवर रहाट उभा. सैपाकाची वेळ होती, अन् एकाही घरावर धूर नोता.

गाडीवान हळूच म्हणाला, "गावात मयत असली का चूल पेटवत नाई."

म्हटलं, कोण गेलं बाप्पा? त्यानं मान वळवून बस्त्याकडं पाह्यलं. तवा माह्या टकुऱ्यात उजेड पडला. ते पांढरं, लांब, वेळूवर बांधलेलं जे मी हुशारीनं केलतं, ते काय केलतं हे मले आता दिसलं.

सडकेच्या दोन्ही बाजूले सारं गाव उभं होतं. माणसं उघड्या डोक्यानं, बायायचे पदर तोंडाशी. बैल आपल्या मनानं थांबले. गाडीवानानं त्यायले हाकललं नाई.

एक बुढी पुढं आली अन् चाकाचा आरा धरला. म्हणाली, तिची पोरगी साथीत गाडीवर घालून नेलती. त्यानंतर एक माणूस येऊन नुसता सांगून गेला का ते गेली. ना तिले खांदा भेटला, ना विसावा. विसावा म्हणजे गावाच्या शिवेवरची ते जागा, जिथं तिरडी घडीभर खाली ठेवतात, खांदे बदलतात, अन् गोटा ठेवून निरोप देतात. आमच्याकडं ज्याले विसावा नाई भेटला तो वाटेतच राह्यला म्हणतात. बुढी म्हणे, इतके साल झाले, संध्याकाळी दाराशी पावलं वाजतात, पण उंबऱ्याच्या आत कोणी येत नाई.

मी खरं सांगून टाकलं. "माय, हे नुसते कागद हायेत हो."

"तिचं नाव नाई का त्याच्यात?"

"असन."

"मंग उतरव."

मी न पाहताच सीलाकडं बोट केलं, नोकरी जाईन म्हणालो. कोणी मले शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. कोणी वाट सोडे ना. बुढीनं मंग विचारलं, यातलं कोणतं तिचं? मी म्हटलं, मले वाचता येत नाई, माय. ते म्हणाली, मंग साऱ्यायलेच उतरव.

मी पुढून खांदा दिला, बाजूले गाडीवान, मागून गावातले दोघं. छपरातून उचलताना आमचा घाम निघलता. इथं वजनच लागे ना. मले वाटलं, सांडलं सारं. खाली मान घालून पाहतो तं दोन्हीकडून बायायनं काड्यायले हात लावले होते. बाया कधी खांदा देत नाई आमच्याकडं. त्या दिवशी त्यायले कोणी अडवलं नाई.

शिवेवर बस्ता ठेवला. ज्याच्या घरचं गेलतं त्यानं त्यानं एकेक गोटा आणून ठेवला. बुढीनं कापडावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंधारात पोराचं तोंड चाचपल्यावाणी. एका जागी हात थांबला. तिथंच तिनं आपला गोटा ठेवला. त्या जागी कोणतं रजिस्टर होतं, हे बांधणाऱ्याले म्हणजे मलेच ठाऊक नोतं. पण वारा पडला होता अन् कापड काई मंग फुगलं नाई.

खांदे बदलले. पुढचे मागं, मागचे पुढं. बस्ता पुन्हा गाडीत चढवला. सील पाह्यलं तं तुटलेलं. त्याच्यात गावाचा काई कसूर नाई, सकाळीच मी त्याच्यावर बसलो होतो.

गाडी हलली तशी मले बोलल्याशिवाय राहवे ना. बुढीले म्हटलं, काई फिकर करू नको माय, नवीन हापिसात मी सोता ध्यान ठेवीन, वाळवी लागू देणार नाई, तुही पोरगी मी सांभाळीन.

बुढीनं माह्याकडं पहिल्यांदा नीट पाह्यलं.

"कोणत्यात हाये ते तं तुले वाचता आलं नाई, तू काय सांभाळशीन? खांदा दिला, झालं तुहं काम. आता तोंड बंद ठेव अन् मागं पाहू नको."