झालं का हो पोट साफ?

बायको होती तेव्हा रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का हो पोट साफ?" आवाज असा, की शेजारीही ऐकू जायचं. मी चिडायचो. "साऱ्या गावाले ऐकवतं काय?" एवढंच म्हणायचो. सरळ उत्तर तिला कधी दिलं नाही.

ती गेल्यावर मी दिवसातून एकदाच स्वयंपाक करायला लागलो. सकाळची भाकर संध्याकाळी ठेच्यासोबत कोरडीच खायची आणि वर चहा. चार-चार दिवस पोट हलेना. दारव्ह्याच्या वैद्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकट्यासाठी कायले करू, असं म्हणता न, तिथंच बिघडते. दोन्ही वेळा ताजं, गरम खा. वरणात तूप घ्या. रात्री मनुका भिजवा, सकाळी कोमट पाणी प्या अन् ठरल्या वेळेला बसा."

महिनाभर कुरकुरत सगळं केलं. परवा सकाळी पोट अगदी सहज साफ झालं. हात धुता धुता, कुणी विचारलं नव्हतं तरी, मी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "झालं."

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काय झालं, काका?"

"काही नाही," म्हटलं.