मुंगी लागत नाही ते चॉकलेट

उजव्या हाताचं एक बोट वर, डोळे गच्च मिटलेले, तोंड बंद. अशा वेळी ओट्यावर म्हैस चढली असती तरी आमच्या शेजारच्या भावजींनी डोळे उघडले नसते. ओठांच्या एका कोपऱ्यातून एवढंच बाहेर यायचं, "बोलू नका वहिनी. विरघळून राहिलंय."

विरघळत असायचं ते बिनसाखरेचं काळं चॉकलेट. गोरेगावात, भर उन्हाळ्यात, माझ्या ओट्यावर.

भावजी जीपवाले. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, सारी हयात त्याच रस्त्यावर गेली. मग मोतीबिंदू आला. एकदा त्यांनी कडेच्या कडब्याच्या पेंढीपाशी गाडी थांबवली आणि "चला मावशी, जागा हाय" म्हणाले. पेंढी काही चढेना. त्या दिवशी त्यांनी स्वतःच चावी काढून खुंटीला टांगली. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्तातली साखर उतरवा, मगच ऑपरेशन. तोवर जीप दारात. भावजी रोज सकाळी तिच्या काचा पुसायचे. दिसत नसल्यानं एकच काच पुन्हा पुन्हा पुसायचे.

भाकरी बंद, भात बंद, गूळ-साखर बंद. अंडी, पनीर, पालेभाजी खा, ताक प्या. "भाकर न्हाई तर कालवणात कुस्करू काय, बोटं?" ते मलाच विचारायचे.

मी हसले नाही. मला या खात्याचा अनुभव आहे. नवी नवरी होते तेव्हा मीही भाकरी सोडली होती. हिंगोली शहरातली पोरगी, मिजास केवढी! कंबर बारीक पाहिजे म्हणून नुसत्या काकड्या खायची. व्हायचं तेच झालं. चुलीपुढं चक्कर येऊन पडले. सासूबाईंनी समजायचं ते समजून गल्लीत पेढे वाटले. बायका हसत हसत बघायला येऊ लागल्या. आणि ही शहाणी मान खाली घालून बसलेली, कारण काकडीचं सांगायची लाज. ती बया आज भेटली तर मी तिच्या हातात भाकरी देऊन पाठीत दोन धपके घालीन.

भावजी घरात एकटेच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. जेवणानंतर काहीतरी गोड लागायचंच, म्हणून पुण्याच्या लेकीनं डॉक्टरीणबाईंना विचारून हे चॉकलेट पाठवलं. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. चॉकलेटाचा मुक्काम माझ्या फ्रिजात, अंड्यांच्या खणात.

पहिल्या दिवशी त्यांनी ते शेंगदाण्यासारखं कडाकडा चावलं. "वहिनी, हे चॉकलेट हाय का चुलीतला कोळसा?" थुंकायला उठले. पण लेकीनं पाठवलेलं, थुंकणार कसं? तसेच खाली बसले. बसल्या बसल्या चेहरा बदलत गेला. "हे चावायचं काम न्हाई," ते म्हणाले. "हे गप बसून खायचं हाय."

तेव्हापासून रोज जेवण झालं की स्वारी ओट्यावर. "एकच तुकडा. बराबर एकच."

तोंडात टाकण्याआधी परीक्षा व्हायची. नखाएवढा कण ते ओट्यावरच्या मुंग्यांच्या रांगेत ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतेत?" मुंग्या यायच्या, हुंगायच्या, वळसा घालून निघून जायच्या. मी तसं सांगितलं की भावजी खूश. "साखर न्हाई बगा. माणूस फसवंल, मुंगी न्हाई फसवत." मग तुकडा जिभेवर, बोट वर, डोळे बंद.

एवढं करून साखर उतरेना. एक दिवस हिंगोलीहून दुसऱ्याच्या जीपमध्ये मागं बसून आले. ओट्यावर टेकले. "भाकर सोडली, भात सोडला. तरी काहून उतरत न्हाई वहिनी? गाडी इकून टाकावं म्हणतो." दारातल्या जीपकडं त्यांनी तोंड केलं, पण थोडं चुकून. नजर गोठ्याकडं गेली.

मी चॉकलेट आणलं. त्यांनी सवयीनं कण ठेवला. मुंग्या आल्या, हुंगलं, वळसा घातला आणि थेट भावजींच्या सदऱ्यावर चढल्या. छातीवर तपकिरी डाग होते. तिथं तर मुंग्यांचं लग्नच लागलेलं.

"भावजी, हे काय?"

"चहा सांडला आसंल. बशी दिसती कुठं आता."

"साखरेचा?"

"मंग काय मिठाचा?"

"रोज पिता?"

"स्टँडवर बसतो ना दिवसभर. जो तो म्हणतो, घ्या भाऊ अर्धा. न्हाई कसं म्हणावं? आन् चहा काय खाणं असतंय का? वरून हे कडू खातोच की. कडूनं गोड कटतंय."

म्हणजे हा माणूस दिवसभर गोड चहा प्यायचा आणि माझ्या ओट्यावर येऊन तो कापायचा! पदर तोंडात कोंबूनही माझं हसू थांबेना. भावजी चिडले. मग मी उठले आणि चॉकलेट परत फ्रिजात ठेवलं. "चहातली साखर सुटंपर्यंत तुकडा बंद."

"वहिनी, हा जुलूम हाय."

"व्हय, हाय."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्टँडवर गेले. चहावाल्याला सगळ्यांसमोर बजावलं, यांचा चहा बिनसाखरेचा. भावजींनी घोट घेतला आणि एरंडेल प्याल्यासारखं तोंड केलं. मला दया आली. पदराच्या गाठीतून तुकडा काढला. "आधी हे. मग चहा."

बोट वर गेलं. डोळे मिटले. सेनगावच्या जीपचा ड्रायव्हरही बघत उभा, प्रवासी आत ताटकळलेले. मग भावजींनी बशी ओठाला लावली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "दूध गोड लागून राहिलंय."

पुढं साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर भावजी पहिले माझ्याकडं आले. नीट न्याहाळून म्हणाले, "वहिनी, तुमी एवढ्या म्हाताऱ्या कवा झाल्या?"

"तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा."

जीप पुन्हा धावली. माझ्या दारावरून जाताना हॉर्नऐवजी खिडकीतून एक बोट वर व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात भावजी गेले. झोपेतच, कुणाला तकलीफ न देता. लेकीनं जीप पुण्याला नेली.

परवा अंड्यांच्या खणात हात घातला, तर मागं चांदीच्या कागदात एक तुकडा राहिलेला. बराबर एकच. मी ओट्यावर आले, नखानं कण काढून रांगेत ठेवला. मुंग्या आल्या, हुंगलं, वळसा घालून गेल्या.

मग मी तुकडा जिभेवर ठेवला. आतून सून विचारत होती, "आत्या, दोन भाकरी टाकू का तीन?"

मी नुसतं बोट वर केलं. विरघळून राहिलं होतं.