पाठमोरा मामा

कमलाकर दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची, एवढंच काम. पण दोन हजार पाच-सहाच्या त्या वर्षांत भावच असे पडले होते की प्रत कुठलीही सांगितली तरी गाडीवाला भडकायचा. मग कमलाकरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पिढी चुकली तर दुरुस्तही करायचा. "आजा नव्हता तो, पणजा होता," म्हणायचा. शिव्या देणाऱ्यालाच हसू फुटायचं आणि दोघं टपरीवर चहाला जायचे.

असा हा गडी एका दातापुढे हरला.

त्याची धाकटी बहीण कुंदा गावातच, दोन गल्ल्या सोडून दिलेली. वडील गेलेले, भाऊ हा एकटाच. तिची गुंजन सहा महिन्यांची झाली तेव्हा उष्टावण करायचं होतं, म्हणजे मामाच्या मांडीवर बसवून मामाच्या हातून बाळाला खिरीचा पहिला चमचा. पण तेव्हा केंद्रावर गाड्यांची रांग हटेना, मामाला सुट्टी मिळेना. कुंदाने मऊ वरणभात भरवायला सुरुवात केली आणि खीर तेवढी मामासाठी राखून ठेवली. आठव्या महिन्यात गुंजनला पहिला दात आला. वरचा!

वरचे दात आधी आले तर मामाला जड जातात, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. कमलाकरच्या आईने लगेच हुकूम सोडला, "आधीच माहा पोरगा रोज दुनियेचे शाप घेऊन घरी येते. त्यात हे अजून कायले? खालचे दात येतपर्यंत पोट्टीचं तोंड पाहायचं नाही."

कमलाकर लोकांसमोर या गोष्टीला हसायचा. तोंड मात्र पाहायचा नाही. आणि भाचीशिवाय राहवायचंही नाही. मग त्याने आपला तोडगा काढला. रोज संध्याकाळी कुंदाकडे यायचं आणि दाराकडे पाठ करून ओट्यावर बसायचं. गुंजन रांगत यायची, पाठ धरून उभी राहायची आणि त्याच्या शर्टाची कॉलर लाळेनं भिजवून मनसोक्त चावायची. तो समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहून "आली आली, माही चिमणी आली" असं लाडानं बोलायचा. येणारे-जाणारे त्या खांबाकडे निरखून पाहायचे. काहींना वाटायचं, बहिणीवर रुसून बसलाय.

"काहून हो कमलाकरभाऊ," शेजारची फरहाना एकदा म्हणाली, "खांबाशी सोयरीक करून राह्यले का?" ती सरकारी दवाखान्यात नर्स. कारण कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "बहुतेक लेकरायचे खालचे दोन आधी येतात, काहीचे वरचे. कोणाले सहाव्या महिन्यात, कोणाले वर्ष होऊन जाते. दाताले कुठं मालूम राह्यते, मामा हाय का नाही ते!"

"बरोबर हाय तुमचं," कमलाकर खांबाला म्हणाला.

मध्यंतरी गुंजनला सणसणून ताप आला, जुलाबही लागले. दातांचंच आहे, असं अख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं. फरहानाने थर्मामीटर लावला आणि कुंदाला रागावली. "दातानं लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, लेकरू किरकिरते, जे सापडते ते चावते. अंग जरासं कोमट लागलं तर लागलं. इतका ताप आन जुलाब दाताचे नसतात. दवाखान्यात चला." कमलाकरच घेऊन धावला. गुंजन खांद्यावर, तिचं तोंड मागे, त्याचं पुढे. पोटात बिघाड निघाला. मीठ-साखरेच्या पाण्याने आणि औषधाने पोर दोन-चार दिवसांत खेळायला लागली. चावायला काय द्यायचं, हेही फरहानानेच सांगितलं. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं. बाजारातली कसलीही पावडर हिरड्यांना चोळायची नाही. आणि दात दिसला त्या दिवसापासून तो रोज ओल्या फडक्याने पुसायचा.

खालचे दात मात्र दिसेनात. कुंदाचा धीर सुटला.

"दादा, रविवारी उष्टावण हाय. येतो का तोंड घेऊन?"

"खालचे येऊ दे न कुंदे. थोड्या दिवसाचा तर प्रश्न हाय."

"राहू दे तुहं. मी अय्यूबभाईले सांगतलं. ते होतात मामा."

अय्यूब म्हणजे फरहानाचा नवरा, जीपचा मेकॅनिक. तो हसत म्हणाला, "तुमी बिलकुल फिकर नका करू, भाऊ. मी रोज गिअरबॉक्स उचलतो. एका दाताचं काय वजन!"

रविवारी अय्यूब इस्त्रीचा कुर्ता घालून पाटावर बसला. मांडीवर नव्या झबल्यातली गुंजन. कमलाकर बाहेर ओट्यावर, पाठमोरा. आत वाटी वाजली, फरहाना हसली, कुंदाने चमचा अय्यूबच्या हातात दिला.

"थांब अय्यूब!" ओट्यावरून आवाज आला.

"काय झालं?"

"तुले तीन लेकरं हायेत."

"हायेत न. मले मालूम हाय."

"मंग ऊठ तिथून. उद्या तुले काही झालं, त मी फरहानाभाभीले कोणत्या तोंडानं भेटू? माह्या वाट्याचं हाय ते. आण इकडे."

आणि कमलाकर वळला. तडक आत आला, पाटावर बसला, भाचीला मांडीवर घेतलं आणि डोळे गच्च मिटले. मग एकेक करून उघडले.

गुंजनने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्ठं भोकाड पसरलं. इतके दिवस नुसती पाठ पाहून हा चेहरा ती पार विसरून गेली होती!

"या वयात नव्या माणसाले रडतातच," फरहाना हसू दाबत म्हणाली.

"नवा?" कमलाकर कळवळला. "अवं बाई, मामा हाय मी तुहा!" त्याने डोळे पुसायला बोट पुढे केलं. गुंजनने ते धरलं, तोंडात घातलं आणि हिरड्यांत पक्कं दाबलं. रडणं थांबलं. ओल्या पापण्यांमधून ती त्याला न्याहाळायला लागली.

"दादा, बोट काढ. खीर गार होऊन राह्यली," कुंदा पदराने डोळे टिपत म्हणाली.

"होऊ दे," कमलाकर म्हणाला. "पाहू दे मले जरा."