जाधव काका, जिमी आणि मी लपवलेला कान

जाधव काका आज सकाळी गेले.
त्यांचा कुत्रा माझ्या खोटेपणामुळे मेला, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच व्हेटर्नरी डॉक्टर झाले होते. गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीतली पहिलीच डॉक्टर, त्यामुळे तोरा भरपूर.

मी ज्यांच्या हाताखाली संशोधन करत होते, त्या मॅडम परदेशात शिकून आल्या होत्या. तेव्हा सगळंच ओपन होत होतं, बाहेरची मशिनं येत होती. शहरातल्या एका प्रायव्हेट सेंटरमध्ये मेंदूचा स्कॅन करणारा नवा कॅमेरा आला. रविवारी तिथे पेशंट नसायचे. मॅडमनी मालकांच्या मागे लागून रविवारी कुत्रे आणायची परवानगी काढली.

मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. राग, भीती आवरायला ते लागतं. जे कुत्रे एकाएकी चावतात, त्यांच्या मेंदूत त्याचं काम वेगळं चालतं का, हे आम्हाला बघायचं होतं.

कुत्र्याला भूल द्यायची. शिरेतून किरणोत्सारी औषध सोडायचं. ते मेंदूत कुठे, किती चिकटतं, ते कॅमेरा टिपायचा.

मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. दुखणं असलेला कुत्रा घ्यायचा नाही, कारण दुखलं की कुठलाही कुत्रा चावतो. आणि एकाच कुत्र्याच्या फोटोवरून मालकाला काही सांगायचं नाही. तुलना करायची ती चावऱ्यांच्या गटाची आणि शांत कुत्र्यांच्या गटाची.

मी दोन्ही मोडल्या. एकाच कुत्र्याच्या बाबतीत.

जाधव काका मलकपेठला राहायचे. अफझलगंजला त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. जिमी त्यांच्या घरात पिल्लू असल्यापासूनचा. पाच वर्षं कुणाला नख लावलं नाही, आणि एक दिवस काकांच्या मुलीला, स्वातीला, हाताला चावला. ती तेव्हा नऊ वर्षांची. म्हणून काका त्याला आमच्याकडे घेऊन आले.

त्या परभाषिक शहरात मी मराठी बोलते म्हटल्यावर काकांनी संमतीचा फॉर्म वाचलासुद्धा नाही.
"आपली मुलगी आहे, वाचायचं काय," म्हणाले आणि सही केली.

त्या रविवारी जिमी टेबलावर झोपला होता. त्याचं डोकं नीट ठेवताना मला वास आला. डावा कान उलटून बघितला. आत पू होता, खोलवर लाल झालं होतं.

औषध अजून बाटलीतच होतं. मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. एक हाक मारायची होती.

पण ते औषध विमानाने यायचं आणि दुसऱ्या दिवशी निकामी व्हायचं. चावरे कुत्रे मिळत नव्हते. मॅडमना वाईट वाटेल, मी पाहिलंच कसं नाही म्हणतील, असं सगळं त्या दोन मिनिटांत मनात येऊन गेलं.

मी कापसाने कान पुसला. आणि सुई लावली.

चार दिवसांनी काका आले. त्यांना एकच विचारायचं होतं. याचं डोकंच असं आहे, का आम्ही वाढवायला चुकलो?

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तेच खरं होतं.
मी ड्रॉवरमधून रंगीत प्रिंट काढला आणि लाल-निळ्या डागांवर बोट ठेवलं.

"काका, याच्या मेंदूतच फरक आहे."

ते खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौ बेटा. म्हणजे तो सुधरायचा नाही."

मी प्रिंट परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी ते जिमीला घेऊन आले. घरात लहान मुलगी आहे, काकू घाबरतात, म्हणून त्याला कायमचं झोपवायचा निर्णय घेतला होता. तूच कर, म्हणाले, तुझ्या हाताला तो ओळखतो.

इंजेक्शन मीच दिलं. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो कान तेव्हाही तापलेला होता.

आमच्या संशोधनाचा पेपर छापून आला. त्यात माझं नाव आहे, आणि जिमीचा स्कॅनही आहे. मॅडमना हे आज इथे वाचूनच कळेल.

त्यानंतर काकांनी कुत्रा पाळला नाही. मला मात्र दर वर्षी सीताफळं पाठवली. कुणाशी ओळख करून देताना सांगायचे, हिने मला खरं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मी सगळं सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेले. ते अंथरुणावर होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले,
"तू तो फोटो दाखवलास म्हणून सुटलो गं. नाहीतर जन्मभर स्वतःला दोष देत बसलो असतो."

मी चहा प्यायले आणि परत आले.
त्यांना त्रास नको म्हणून गप्प राहिले, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे भ्याले.

आज स्वातीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. ही काय वेळ झाली? पण आज नाही तर कधीच नाही, हे मला माहीत होतं.

ती म्हणाली, "मी त्याचा कान पुसत होते, ताई, तेव्हा चावला. मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, डॉक्टरांनी मशीनमध्ये बघितलंय."



तिने फोन ठेवला नाही. रडली. मग नाक ओढत म्हणाली, "चार वाजता नेणार आहेत. तुम्ही या."

मी निघतेय.

काका, माफी मागायचा हक्क मी दोन वर्षांपूर्वीच घालवला. आज फक्त तुमच्या पायांवर डोकं ठेवायला येतेय.