चकमकीचा दगड

नव्वदीच्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका पोलीस ठाण्यात मी कारकून होतो. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. लोक मुकाट देऊन जायचे. एक म्हातारा मात्र पणजोबाच्या वेळची, चकमकीवर उडणारी बंदूक खांद्यावर टाकून मिरवत यायचा.

"कशाला वापरता?" मी दर वेळी विचारायचो. बाकीचे सगळे पीकराखणीला म्हणायचे.

"ससं मारतो," तो ठणकावून सांगायचा. "चाप वढल्यापास्नं बार उडंस्तवर सशाला पळाय येळ मिळतो की. तेवढा मी देतोय."

शिकारीला बंदी होती, म्हणून मी 'पीकराखण' लिहायचो.

मग बंदुकीच्या घोड्यात आवळलेला, ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड तो काढायचा, धोतराच्या कनवटीला लावायचा आणि बंदूक टेबलावर ठेवायचा. एकदा नव्या साहेबांनी अडवलं. "दगडही जमा करा."

"परवान्यात बंदूक लिवलीया. दगड माझ्या वड्यातला हाय."

साहेबांनी परवाना दोनदा वाचला. दगडाचा उल्लेख कुठंच नव्हता. चिडून ते मला म्हणाले, "लिहा. बंदूक एक, नादुरुस्त."

मी लिहून मोठ्यानं वाचलं. म्हाताऱ्यानं वहीवर पंजा ठेवला.

"नादुरुस्त खोडा. माझ्याबिगर चालत न्हाय, असं लिवा."

साहेबांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. मी खोडलं आणि त्यानं सांगितलं तसंच लिहिलं. त्या वहीत माझ्या हातून झालेली खरी नोंद बहुधा ती एकच.