कोपऱ्यातला पांगारा

सौंसरच्या आमच्या घरापुढच्या कोपऱ्यात पांगारा लावायचा, हे बायकोनं ठरवलं. मागं पांढरी भिंत, तिच्यावर उठून दिसणारी तांबडी फुलं. काटे कोणाला लागू नयेत म्हणून पायवाटेपासून दूर. बोरगावकडच्या नर्सरीतून आणलेल्या रोपावर नावाची चिठ्ठी नव्हती. मोबाइलनं फोटो पाहून एकदा एक नाव सांगितलं, दुसऱ्यांदा दुसरंच. खोडावर काळे टोकदार काटे, एका देठाला तीन पानं, एवढ्यावरून आम्ही पांगारा धरला.

"फूल आलं की कळेलच," बायको म्हणाली. त्या फुलाची ती वाट पाहते.

त्याच सुमारास वडिलांना मोहगावहून इकडं आणलं. त्यांचा सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेला. आता आठवण साथ देत नाही. पहिल्याच सकाळी त्यांनी रोपावरून बोट फिरवलं.

"कलम मेली बे हे. खालचं जंबेरी फुटून राहिलं. काटे पाह्य ना."

संत्र्याची कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. त्या खुंटाला काटेरी फूट आली की ती छाटायची, नाहीतर कलम मरते.

"बाबा, हा पांगारा आहे. शोभेचा."

"शोभेले काटे कोण लावते? मास्तरीण बायको केली, अन् झाडं ओळखणं विसरला काय? मंग आपले संत्रे कुठं हायेत?"

मोहगावची बाग वाळत गेली होती. ते दवाखान्यात असताना मी मशीन लावून झाडं उपटून टाकली, त्यांना न विचारता. पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. दुपारी विसरले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून मी म्हणतो, "हो, जंबेरीच आहे. छाटलं की आपलं संत्रं येईल," आणि छाटणीची कात्री स्वतः त्यांच्या हातात देतो. बायको शाळेतून येते, शेंडा गेलेला पाहते. "पुन्हा कोणाची बकरी घुसली हो?" मी म्हणतो, "फाटक उघडं राहिलं असेल." तिनं फाटकाला जाळी लावून घेतली. पांगारा गुडघ्याच्या वर जात नाही.

परवा रविवारी ती घरीच होती. बाबांनी शेजारच्या संत्र्याच्या फांदीवरचा फुटीचा डोळा काढून पांगाऱ्याच्या सालीत बसवला आणि वर पट्टी बांधली. बांधणी अजून देखणी आहे.

"फुटन ना बे?"

"फुटेल, बाबा." कात्री माझ्या हातात होती. मागं वळलो तर ती दारात.

तिनं कात्री पाहिली, छाटलेला शेंडा पाहिला. मग बाबांजवळ येऊन वाकली. "छान बांधली, मामाजी. फुटेल. चला, चहा घ्या."

स्वयंपाकघरात मात्र माझ्याकडं पाठ करून हळू म्हणाली, "आता मलाही रोज खोटं बोलायला लावलं तुम्ही."

मी कपांत चहा ओतला. बाहेरून बाबा कात्री मागत होते.