रोहूचं वय विचारायला राळेगावकडे

आजवर मासा खाताना त्याचं वय विचारायची वेळ आली नव्हती. धाकटी बहीण अश्विनी मात्र पोटापाण्यासाठी तेच करते. राळेगावकडच्या एका तलावातले मासे किती वर्षांचे आहेत, हे तिला सांगायचं होतं. मला रविवार मोकळा होता, म्हणून सोबत गेलो.

यवतमाळहून सकाळची एसटी धरा, जागा मिळते. राळेगावच्या स्टँडवर आलुबोंडा-तर्री खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून ऑटो. रस्ता शेवटी कच्चा आहे, दोन्ही बाजूंनी कपाशी.

तलावावर मच्छीमार सोसायटीच्या शालूताई वाट पाहत होत्या. अश्विनीने जाळ्यातल्या रोहूंचे खवले काढून भिंगाखाली धरले. झाडाच्या खोडासारखी खवल्यावरही वर्तुळं असतात, वर्षाला एक. बहुतेकांवर सहा निघाली.

"सहा वर्षांत एवढीच वाढ म्हणजे तलावात मासे जास्त झालेत," ती म्हणाली. "पिल्लांचं बीज दरवर्षीच्या निम्मंच सोडा, असं अहवालात लिहावं लागेल."

"निम्म्या बीजात आमची घरं कशी चालतीन?" शालूताईंनी विचारलं. मला उगाच आलो असं वाटलं.

तेवढ्यात जाळ्यातला एक रोहू शालूताईंनी न तोलताच पाण्याकडे नेला. त्याच्या पोटाजवळचा उजवा पंख मुळातून कातरलेला होता.

"हा कायले सोडता?" अश्विनीने विचारलं.

"माह्या नातीचा हाये. घरात लेकरू झालं का बीजातल्या एकाचा पंख कातरून सोडतो आम्ही. दर लेकराची खूण येगळी, हा उजवा पंख तिचाच. तो जाळ्यात आला तरी खात नाही."

"नात केवढी आहे?"

"तीन सरले. अंगणवाडीत जाते."

अश्विनीने भिंग पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "याचे दोनच खवले द्याल?"

"मारसान तर नाही?"

शालूताईंनी मासा पाण्यातच धरला. खवले निघाले, मासा पोहत गेला. भिंगाखाली वर्तुळं इथेही सहाच, तीन नव्हेत.

अश्विनीने काठावरच्या पाण्याच्या खुणा पाहिल्या. मग तिने विचारलं, वर्षात पाणी केव्हा केव्हा उतरतं? हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला सोडतात तेव्हा, आणि पुन्हा उन्हाळ्यात, शालूताईंनी सांगितलं. म्हणजे वर्षातून दोनदा पाणी उतरतं, दोनदा वाढ थांबते, दोन वर्तुळं पडतात. मासे तीनच वर्षांचे होते आणि चांगले वाढत होते.

"पण एका माशावरून मी तसं लिहू शकत नाही," ती म्हणाली.

"गावात लेकरं लय हायेत," शालूताई म्हणाल्या.

दुपारी त्यांच्याकडेच भाकर आणि माशाचा रस्सा झाला. परतीची एसटी लवकर संपते, तेवढं लक्षात ठेवा.

अश्विनी नंतर आणखी पाचसहा वेळा तिकडे गेली. बाकीच्या लेकरांच्या माशांनीही तेच सांगितलं. पावसाळ्यात शालूताईंचा फोन आला, बीज पूर्ण सुटलं.

मी आता यवतमाळच्या बाजारात रोहू उलटवून बघतो. मासेवाला वैतागतो, "ताजा हाये, काय पाहून राह्यले?" पंख शाबूत असले की मी पिशवी पुढे करतो.